पहिल्या वर्षाला शीट परत का येतात: वस्तुचित्र, टोन, रंग आणि घरचा सराव

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंटरमिजिएट चित्रकला ग्रेड परीक्षेला ए ग्रेड, बारावीनंतर कोल्हापुरातच कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला प्रवेश, शाळेत फिनिशिंगचं कायम कौतुक. आणि इथं दोन महिन्यांत वस्तुचित्राच्या सहा शीटपैकी चार ‘प्रमाण चुकलं’, ‘टोन नाही’ एवढ्या शेऱ्यावर परत आल्या. डिझाइनच्या प्लेट्सचीही तीच गत. नेमकं चुकतंय काय, घरी सराव कसा करायचा आणि साहित्य कोणतं घ्यायचं?

तुमचं फिनिशिंग चांगलंच असणार, पण ते फार लवकर सुरू होतंय. ग्रेड परीक्षेत ठरलेल्या तासांत नीटनेटकं, पूर्ण चित्र द्यायचं असतं. त्यामुळे हाताला एक सवय लागते: बाह्यरेषा काढायची, ती पक्की करायची, आत छटा भरायची आणि बोटानं घासून मऊ करायची. या पद्धतीत घागरीची कड एकदा चुकली की पुढचे तीन तास त्या चुकीला सजवण्यात जातात. पहिल्या वर्षाला शिकायची असते ती तुलना. ही रुंदी त्या उंचीच्या किती पट, ही सावली तिच्यापेक्षा गडद की फिकी, हा लाल त्या लालपेक्षा थंड की उष्ण. वस्तुचित्र असो, डिझाइन असो की अक्षरलेखन, प्रश्न हाच फिरून फिरून येतो. टोन म्हणजे छटेचा गडद-फिकेपणा. ‘टोन नाही’ असा शेरा आला की बहुतेक जण आणखी पेन्सिल घासतात. सरांना म्हणायचं असतं की शेजारशेजारच्या दोन छटा तुम्ही एकमेकींशी ताडून बघितलेल्या नाहीत.

अभ्यासक्रम असा का बांधलाय हे माहीत असलं की तो तुकड्यातुकड्यांचा वाटत नाही. आपल्याकडच्या पहिल्या वर्षात दोन धारा मिसळल्या आहेत. एक मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून आलेली, ते १८५७ साली सुरू झालं आणि वस्तू समोर ठेवून मोजूनमापून रेखाटायची शिस्त तिथून महाराष्ट्रभर गेली. आपले कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान त्याच शिस्तीतून गेले, आणि कोल्हापुरात जन्मलेले म. वि. धुरंधरही. दुसरी धारा जर्मनीतल्या बाउहाउसची. १९१९ साली वायमारला ही शाळा निघाली आणि योहानेस इटन यांनी तिथं नियम घातला की विद्यार्थी पुढं विणकामाकडे जावो, सुतारकामाकडे जावो की धातुकामाकडे, आधी सगळ्यांनी एकत्र बसून आकार, पोत, रंग आणि त्यांच्यातले विरोध यांचा पायाभूत अभ्यास करायचा. टू-डी आणि थ्री-डी डिझाइनचे तास तिकडून आले आहेत. दोन्हीकडे डोळ्याला तोलायला शिकवतात. एकीकडे समोरच्या घागरीवर, दुसरीकडे काळ्या कागदाच्या चौकोनावर.

वस्तुचित्रापासून सुरुवात करू, कारण तुमच्या चार शीट तिथंच अडकल्या आहेत.

बसायची जागा ही पहिली गोष्ट. मांडणीच्या उंचीच्या निदान तिप्पट अंतरावर डाँकी, म्हणजे बसून चित्र काढायचं बाकडं, ठेवा. दोन फूट उंच मांडणी असेल तर सहा फूट. त्याहून जवळ बसलात तर बघताना मान खाली-वर करावी लागते आणि एकाच घागरीचं तोंड एका नजरेतून, बूड दुसऱ्या नजरेतून कागदावर उतरतं. बोर्ड शक्य तेवढा उभा धरा. मांडीवर आडवा ठेवला की कागदाचं वरचं टोक डोळ्यांपासून लांब जातं, तिथं काढलेलं तुम्हाला आखूड भासतं, आणि ते भरून काढायला हात नकळत उंची ताणतो. बोर्ड उभा केल्यावर घागर लांबुडकी झालेली दिसते ती त्यामुळे. प्रमाणाच्या कितीतरी चुका फक्त बोर्डाच्या कोनामुळे होतात, आणि पोरं आपल्या हाताला दोष देत बसतात.

पहिली पंधरा मिनिटं ‘ही घागर, हा तांब्या, हे कांदे’ अशी नावं मनात आणू नका. सगळा समूह मिळून एक ढोबळ आकार आहे असं समजा. हात पूर्ण ताठ करा, एक डोळा मिटा, पेन्सिलीचं टोक समूहाच्या डाव्या कडेला आणि अंगठ्याचं नख उजव्या कडेला आणा. हीच लांबी उभी फिरवून उंचीवर लावा. समजा रुंदी उंचीच्या सव्वापट निघाली. मग हाफ इंपिरियल कागदावर, म्हणजे १५ × २२ इंचांवर, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार फिक्या खुणा त्याच प्रमाणात करा. आता उंचीचा मध्य समोर कुठं येतो ते बघा. घागरीच्या पोटावर येतो की तांब्याच्या गळ्यावर? कागदावरही तो तिथंच आला पाहिजे. मध्याची ही एक तपासणी अर्ध्याहून जास्त चुका पहिल्या पाच मिनिटांत पकडून देते. माप घेताना कोपर वाकू देऊ नका. पेन्सिल डोळ्यांपासून २ फुटांवर असेल आणि हात २ इंच जवळ आला तर माप आठ टक्क्यांनी बदलतं. मग एक माप ताठ हाताचं, दुसरं वाकल्या हाताचं, आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत.

उभ्या रेषांसाठी गवंड्याचा ओळंबा करून घ्या: फूटभर दोरा आणि खाली लोखंडी नट. तो घागरीच्या तोंडाच्या डाव्या टोकावरून सोडला तर खाली कुठं लागतो? कांद्याच्या मधोमध, की कापडाच्या चुणीपाशी? अशा तीन-चार उभ्या आणि दोन-तीन आडव्या रेषा तपासल्या की वस्तूंचे एकमेकींशी असलेले संबंध पक्के होतात. बाह्यरेषेला हात त्यानंतर लावायचा.

लंबवर्तुळावर जरा थांबतो, कारण परत आलेल्या शीटवर ही चूक हमखास सापडते. घागर टेबलावर आहे, टेबल सपाट आहे, म्हणून बूड सरळ रेषेनं काढलं जातं. डोळा तसं बघत नसतो. १२ इंच उंचीची घागर घ्या, तिचं तोंड तुमच्या डोळ्याच्या पातळीपेक्षा १८ इंच खाली, आणि तुम्ही ६ फुटांवर. तोंडाचं लंबवर्तुळ ४ भाग रुंद असेल तर १ भाग उंच दिसतं. बूड ३० इंच खाली आहे. तिथलं लंबवर्तुळ ४ भाग रुंद धरलं तर दीड भागापेक्षा थोडं जास्त उंच दिसतं. म्हणजे खाली जाल तसं ते उघडत जातं, आणि बुडाची पुढची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त गोल हवी. चित्रात बुडाची न दिसणारी मागची कडसुद्धा फिकी काढून बघा, मगच पुढची ठरवा. लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना कोपरे पडू देऊ नका. कितीही चपटं असलं तरी टोक वळतंच. आणि तांब्या आडवा पाडून ठेवला असेल तर लंबवर्तुळाचा लांब अक्ष तांब्याच्या मधल्या अक्षाला काटकोनात येतो, जमिनीला समांतर नाही. ही एक गोष्ट पाठ करून ठेवली तर आडवे पेले आणि कलंडलेल्या बादल्या आपोआप सुधारतात.

आता टोन. यासाठी आधी एक पट्टी करा: एक-एक इंचाचे नऊ चौकोन, पहिला कोऱ्या कागदाचा, नववा ६बी पेन्सिलीनं जितका काळा होईल तितका. ओळीनं एकापासून नऊपर्यंत करत गेलात तर सहाव्यालाच काळं संपतं. म्हणून आधी १ आणि ९ करा, मग मधला ५, मग ३ आणि ७, आणि शेवटी उरलेले चार. प्रत्येक छटा तिच्या दोन्ही शेजारणींच्या बरोबर मध्ये वाटली पाहिजे. ही पट्टी कापून बोर्डाच्या कडेला क्लिपनं लावून ठेवा आणि समोरची छटा कितव्या क्रमांकाची आहे हे तिच्याशी ताडून ठरवा.

समोर बघताना डोळे किलकिले करा. बारकावे पुसले जातात आणि उजेडाचा भाग व सावलीचा भाग असे दोनच मोठे तुकडे उरतात. त्यांच्यातली सीमारेषा आधी काढा. मग सावलीचा सगळा भाग, वस्तूवरची सावली आणि टेबलावर पडलेली पडछाया दोन्ही मिळून, साधारण सहाव्या क्रमांकानं सपाट भरून टाका. या टप्प्याला चित्र ओबडधोबड दिसतं आणि तुमच्यासारख्या नीटनेटक्या हाताला ते सहन होत नाही. तरी तिथंच थांबा, बोर्ड भिंतीला लावा आणि दहा फुटांवरून बघा. वस्तू एवढ्यावरच गोल दिसायला हवी. दिसत नसेल तर सीमारेषा चुकली आहे. बारकावे घालून ती सुधारणार नाही.

सावलीच्या बाजूला कडेजवळ जो परावर्तित उजेड दिसतो तो फसवा असतो. आजूबाजूच्या काळोखामुळे तो आहे त्यापेक्षा उजळ भासतो, म्हणून विद्यार्थी तो जवळजवळ कागदाइतका पांढरा सोडतात आणि घागर पत्रा वाकवल्यासारखी दिसते. नियम सोपा आहे: सावलीतली सगळ्यात उजळ जागा उजेडातल्या सगळ्यात गडद जागेपेक्षा गडदच ठेवायची. पडछाया वस्तूला लागून असते तिथं गडद आणि धारदार, लांब जाईल तशी फिकी आणि मऊ होते. चकचकीत पितळी घागरीला मात्र हा नियम जपून लावा. तिच्यात खिडकीचं आणि समोरच्या माणसाचंही प्रतिबिंब असतं, अगदी काळं आणि अगदी पांढरं एकमेकांना चिकटून बसतं, मधली छटा चिंचोळी असते. मातीच्या माठात याच्या उलट. तिथं मधल्या छटाच जास्त आणि चकाकी जवळजवळ नसते. म्हणून सुरुवातीचा महिनाभर माठ, कुंडी, कांदे आणि साधं सुती कापड एवढ्यावरच सराव करा. पितळ नंतर.

बोटानं घासणं आजपासून बंद करा. बोटाचा तेलकटपणा आणि ग्राफाइट कागदाच्या दाण्यात बसतं, पृष्ठभाग चकचकीत होतो आणि वर दुसरा थर धरत नाही. त्यामुळे ७च्या पुढे जाताच येत नाही आणि सगळं चित्र राखाडी राहतं. त्याऐवजी वस्तूच्या वळणाच्या दिशेनं रेषांचे थर द्या; आधी २बी, त्यावर तिरप्या दिशेनं ४बी, अगदी गडद जागी ६बी.

घरी सरावासाठी एक मांडणी पुरेशी आहे: पांढऱ्या कागदावर पांढरं उकडलेलं अंडं. खोलीतली ट्यूबलाइट बंद, एकच दिवा डावीकडून, अंदाजे ४५ अंशांत वरून. अंडं पांढरं असूनही त्याचा बराचसा भाग कागदापेक्षा गडद काढावा लागतो, आणि उजेडाच्या बाजूला अंड्याची कड कागदात जवळजवळ विरघळते. तिथं रेषा ओढायचा मोह होतो; ओढू नका. रात्री पाऊण तास, आठवड्यातून चार वेळा, दर वेळी दिवा वेगळ्या जागी ठेवून काढा.

रंगाच्या बाबतीत बारा रंगांचा खोका घेण्यापेक्षा सुटे पोस्टर रंग घ्या: लेमन यलो आणि क्रोम यलो, क्रिमसन आणि स्कार्लेट, अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू, काळा, आणि पांढऱ्याच्या दोन बाटल्या. प्रत्येक मूळ रंगाच्या दोन बाटल्या का, ते आपल्या गुलालावरून कळेल. जोतिबाचा गुलाल आणि मारुतीचा शेंदूर दोन्ही लाल, पण गुलाल निळ्याकडे झुकतो, शेंदूर पिवळ्याकडे. तसंच क्रिमसन निळ्याकडे, स्कार्लेट पिवळ्याकडे. स्वच्छ जांभळा हवा तर क्रिमसनमध्ये अल्ट्रामरीन घाला. स्कार्लेटमध्ये प्रशियन ब्लू घातलात तर दोन्हींतला पिवळा अंश मध्ये येतो आणि मळकट तपकिरी मिळतो. लेमन यलो आणि प्रशियन ब्लूचा हिरवा कोवळ्या भाताच्या रोपासारखा येतो. क्रोम यलो आणि अल्ट्रामरीनचा वाळत्या गवतासारखा. चूक कशातच नाही, फक्त कोणता हवाय हे आधी ठरवून बाटली उघडावी. पिवळ्याची शेड करताना काळा घातला की तो हिरवट होतो, हेही पट्टी करून एकदा डोळ्यानं बघा.

टिंट, म्हणजे पांढरा मिसळून फिकी केलेली छटा, करताना पांढऱ्यात रंग थेंबाथेंबानं घाला, रंगात पांढरा नाही. नाहीतर फिका गुलाबी होईपर्यंत अर्धी बाटली पांढरा संपतो. सपाट रंग भरायला मिश्रण ताकापेक्षा घट्ट आणि दह्यापेक्षा पातळ हवं. फार पातळ झालं तर पट्टे पडतात, फार घट्ट झालं तर वाळताना आकसून भेगा जातात. पहिला थर आडव्या फटकाऱ्यांनी, तो पूर्ण वाळला की दुसरा उभ्या. अर्धवट ओल्यावर ब्रश फिरवला की खालचा थर उचकटतो, कारण पोस्टर रंगातला डिंक पाण्यानं पुन्हा सुटतो. लागेल त्याच्या दीडपट रंग एकदम कालवून झाकणाच्या डबीत ठेवा. मध्येच संपलेली छटा पुन्हा तंतोतंत जुळत नाही. आणि ओल्या रंगावरून कधी निर्णय घेऊ नका. फिक्या छटा वाळल्यावर थोड्या गडद होतात आणि गडद छटा थोड्या फिक्या. त्याच कागदाच्या तुकड्यावर ठिपका देऊन, वाळवून, मग ठरवा.

शेजारच्या रंगानं रंग बदलतो हा पहिल्या वर्षातला सगळ्यात श्रीमंत धडा आहे आणि बहुतेक जण तो प्लेट पूर्ण करायची म्हणून उरकून टाकतात. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईचं काम बघणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली होती की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी तपासलं तेव्हा रंगात खोट नव्हती. काळ्याशेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा भासत होता. त्यावरचा त्यांचा अभ्यास १८३९ साली प्रसिद्ध झाला. तुम्ही हा प्रयोग असा करा: एकाच डबीतल्या राखाडी रंगानं एक मोठा कागद रंगवा, त्यातून एक-एक इंचाचे दोन चौकोन कापा. एक ४ इंचांच्या लेमन पिवळ्या चौकोनावर मधोमध ठेवा, दुसरा तेवढ्याच गडद जांभळ्यावर. पिवळ्यावरचा राखाडी गडद आणि जांभळट दिसेल, जांभळ्यावरचा उजळ आणि पिवळट. मग त्याच राखाडी कागदाची एक पट्टी दोन्ही चौकोनांना जोडेल अशी आडवी ठेवा. दोन्ही एकच आहेत हे तेव्हाच पटतं. राखाडी जितका मधल्या टोनचा, तितका परिणाम ठळक. हे एकदा हातानं केलं की वस्तुचित्रात ‘कापड पांढरं आहे म्हणून पांढरा’ असा रंग लावणं आपोआप सुटतं.

टू-डी डिझाइनमध्ये तुमच्या प्लेट परत यायचं कारण बहुधा मोकळ्या जागेत आहे. ५ इंचांच्या पांढऱ्या चौकोनात काळ्या कागदाचे तीन चौकोन मांडायचे असतात, आणि विद्यार्थी फक्त काळे आकार बघतात. मध्ये उरलेला पांढरा तेवढाच आकार आहे. आधी पेन्सिलीनं काढू नका. काळे तुकडे कापा, सरकवत राहा, पंधरा-वीस मांडण्या मोबाइलवर टिपा आणि त्यातून दोन निवडा. दोन आकारांचे कोपरे एकमेकांना जेमतेम टेकलेले, किंवा आकार चौकटीच्या कडेला नुसता शिवलेला, असं राहू देऊ नका. डोळा तिथंच अडकून पडतो. एकतर अंतर ठेवा किंवा सरळ एकावर एक चढवा.

अक्षरलेखनातही तेच. ‘रंकाळा’ हा शब्द लिहून बघा. ‘र’च्या खाली डावीकडे मोकळी जागा राहते, ‘ळ’ ऐसपैस पसरतो, काना सरळ उभा. पट्टीनं प्रत्येक अक्षरात समान अंतर ठेवलंत तर शब्द तुटक दिसतो. अंतर मोजायचं नाही, दोन अक्षरांमधली मोकळी जागा समान वाटेपर्यंत सरकवायची. शिरोरेषा सगळ्यात शेवटी जोडा. लिनो, म्हणजे छापासाठी कोरायची मऊ शीट, कापायला आला की अक्षरं उलटी कोरायची हे ट्रेसिंग पेपर पालथा करूनच करा, अंदाजानं नको. आणि दुसरा हात कायम कटरच्या मागे.

थ्री-डीत पहिली ठेच बोर्डाच्या जाडीला लागते. १० सेंटिमीटरचा घन २ मिलिमीटर माउंटबोर्डचा करायचा असेल तर सहाही बाजू १० × १० कापल्या तर तो कधीच बसणार नाही. वर-खालच्या दोन १० × १०, समोरासमोरच्या दोन १० × ९.६ आणि उरलेल्या दोन ९.६ × ९.६. कापताना स्टीलची पट्टी, कटरचं पातं नवं, आणि एका दाबात न कापता तीन हलक्या फेऱ्या. जोर लावला की पातं तिरकं जातं आणि कड उतरती होते. दुमडायच्या रेषेवर फक्त वरचा थर कापा आणि कापलेली बाजू बाहेर ठेवून दुमडा. शाडूचं काम आलं तर एकच सांगणं: जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेगानं वाळतात म्हणून तडे जातात. ओलं गोणपाट आणि वरून प्लास्टिक झाकून चार-पाच दिवस सावकाश वाळू द्या.

स्केचबुकाच्या बाबतीत कोल्हापूरसारखं गाव मिळणं हे भाग्य आहे. माणसाचं शरीर शिकायला मॉडेलची वाट बघू नका, तालमी आहेत. वस्तादांची परवानगी घेऊन सकाळी कोपऱ्यात बसा, कुणाच्या वाटेत येऊ नका. उभ्या माणसात आधी बघा भार कोणत्या पायावर आहे. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो भार असलेल्या पायाच्या घोट्याजवळ येतो. त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. हे तीन धागे पकडले की दोन मिनिटांचं स्केच उभं राहतं. सुटले तर कितीही स्नायू रंगवा, माणूस पडतोय असंच वाटतं. प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी उंच, चार वर्षांचं मूल पाच डोकी. रोज दोन-दोन मिनिटांची दहा स्केचेस, खोडरबर घरी ठेवून, आणि संध्याकाळी त्यातलं एक दृश्य न बघता पुन्हा. स्मरणचित्राचा याच्याइतका चांगला सराव दुसरा नाही. फोटोवरून काढू नका: कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, सावल्या तो काळ्याकुट्ट करतो, आणि तुम्हाला जी तुलना शिकायची आहे ती आधीच करून देतो.

रंकाळ्यावर निसर्गचित्राला बसाल तेव्हा पाण्यातलं प्रतिबिंब वरच्या वस्तूच्याच टोनमध्ये काढू नका. उजळ भिंत पाण्यात थोडी गडद दिसते, गडद झाड थोडं फिकं. टाउन हॉल संग्रहालयात आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. तिथं जाऊन एका चित्रासमोर अर्धा तास बसा आणि पाच टोनमध्ये त्याचं तळहाताएवढं स्केच करा. किती कमी गडद वापरून उजेड उभा केला आहे हे असं काढून बघितल्याशिवाय कळत नाही. कला इतिहासासाठी खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर एकदा वहीसकट करा. स्वर्गमंडपातल्या ४८ खांबांपैकी एकच निवडा आणि तळापासून वरपर्यंत चौकोन, अष्टकोन, वर्तुळ असे त्याचे छेद कसे बदलतात ते उतरवा. परीक्षेतलं टिपण आणि थ्री-डीचा अभ्यास दोन्ही एका दिवसात होतात.

साहित्याबद्दल कोल्हापूरच्या पावसाचा विचार आधी करा, कारण वर्षाची सुरुवात नेमकी त्यातच होते. कार्ट्रिज शीट गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, जमिनीपासून वर ठेवा. ओलसर कागद पेन्सिल धरत नाही आणि खोडताना त्याचे तंतू सुटतात. रंगकामाचा कागद बोर्डावर ताणून घ्या: पाच मिनिटं पाण्यात भिजवा, पाणी निथळू द्या, २ इंची गमटेप (ओली करून चिकटवायची कागदी पट्टी) चारही बाजूंनी लावा आणि बोर्ड आडवा ठेवूनच वाळवा. उभा ठेवला तर खालची बाजू उशिरा वाळते आणि तिथली टेप सुटते. पोस्टर रंगाच्या बाटलीत लवंग तेलाचा एक थेंब टाकला तर बुरशी धरत नाही. ब्रश गोल ० नंबर, ४ आणि ८, आणि एक अर्धा इंची चपटा, एवढे चारच घ्या, पण चांगले घ्या. स्वस्त दहा ब्रशांपेक्षा टोक धरणारे हे चार वर्षभर पुरतात. रूलिंग पेनमध्ये, म्हणजे रंगानं सरळ रेषा ओढायच्या पेनमध्ये, रंग ब्रशनं भरा, पेन बाटलीत बुडवू नका.

परत आलेल्या चार शीट टाकू नका. पहिली आरशात धरून बघा. वाकलेली घागर आणि कलंडलेला टेबल उलट्या प्रतिमेत लगेच डोळ्यात भरतात. दुसरीवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि फक्त उजेड-सावलीची सीमारेषा उतरवा, ती तुटक आली तर टोनची अडचण तिथंच आहे. तिसरीवर टोनपट्टी लावून प्रत्येक भागाचा क्रमांक लिहा. सगळे क्रमांक ३ ते ६ मध्येच सापडले तर सर काय म्हणत होते ते कळेल. चौथी तशीच ठेवा, मागं तारीख लिहा, तीच मांडणी घरी पुन्हा लावा, आणि या वेळी पहिला तासभर फक्त मापं आणि दोन सपाट टोन, बस. ती शीट पूर्ण करायच्या आधी सरांना दाखवा. अर्धवट कामावर मिळालेला शेरा दुरुस्तीला वेळ देतो. पूर्ण झालेल्या कामावर फक्त सही मिळते.